मानसिकतेला कचेरी नसते

पहिलीत असताना मी बाईंना म्हणाले होते, "बाई, मी पाणी पिऊन आलो." बाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला जागेवर उभं केलं आणि वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. "आलो नाही, आले म्हण. तू मुलगी आहेस ना?" कोल्हापूर जिल्ह्यातल्या ज्या गावात मी वाढले, तिथे आम्ही सगळ्या मुली 'मी जातो', 'मी आलो' असंच बोलायचो. माझी आत्या आजही तसंच बोलते. त्यात मुलगा व्हायची हौस नव्हती की कुणाला आव्हान द्यायचं नव्हतं. स्वतःबद्दल बोलताना आपण मुलगा की मुलगी हे दर वाक्यात सांगावं लागतं, हेच मुळी आम्हाला ठाऊक नव्हतं. ते शाळेने शिकवलं. दोन-तीन वर्षं मी घरात एक आणि वर्गात एक अशी बोलत राहिले. मग घरातलं बोलणंही शाळेसारखं झालं.

घाट उतरून कोकणात गेलं की आणखी वेगळी रीत. मालवणीत लहान मुलगी म्हणजे 'ता चेडू', आणि ती आली की 'ता इला'. गोव्याच्या कोंकणीतही चेडूं नपुंसकलिंगीच. व्याकरणातलं लिंग आणि माणसाची लिंगओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मान्य. तरी बाईंच्या त्या प्रश्नात व्याकरण फार थोडं होतं. मुलगी असणं म्हणजे काही ठरलेल्या गोष्टी चुकू न देणं, आणि चुकल्याच तर चारचौघांत दुरुस्त करून घेणं, एवढं त्या दिवशी मला कळलं. बाईंचा दोष नव्हता, त्या पुस्तकाप्रमाणे शिकवत होत्या. पुढे सत्तावीस वर्षं मीही प्राथमिक शाळेत शिकवलं आणि किती मुलींची क्रियापदं दुरुस्त केली याची मोजदाद माझ्याकडे नाही.

हे सगळं आठवायचं कारण एक वाक्य आहे. स्त्री-पुरुष प्रश्नावरच्या कुठल्याही सभेचा, चर्चेचा, महिला दिनाच्या भाषणाचा शेवट त्याच वाक्याने होतो: समाजाची मानसिकता बदलली पाहिजे. मीही ते व्यासपीठावरून अनेकदा म्हटलं आहे. आता ते मला सहन होत नाही. मानसिकतेला कचेरी नसते. तिथे अर्ज देता येत नाही, तिथल्या साहेबाला जाब विचारता येत नाही. मानसिकता बदला म्हटलं की सगळेच जबाबदार होतात, आणि मग कुणीच जबाबदार राहत नाही. बाई कशी असावी, पुरुष कसा असावा हे मनात मुळातून उगवत नाही. ते घर, शाळा, मजुरीचा बाजार, देऊळ आणि सरकारी दप्तर यांच्या रोजच्या रिवाजांतून मनात उतरतं. आणि यातले बरेचसे रिवाज कुठेतरी लिहिलेले असतात: वहीत, रकान्यात, हजेरीपटावर, ठरावात. जे लिहिलेलं आहे ते खोडून दुसरं लिहिता येतं. माझं म्हणणं एवढंच आहे की सुरुवात तिथून करा.

नावापासून बघू. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीने बायकोचं नवं नाव त्यात लिहितो. हल्ली पहिलं नाव बदलायची पद्धत कमी झाली आहे, पण मधलं नाव आणि आडनाव बदलणं अजूनही बहुतेकांना इतकं साहजिक वाटतं की त्याला निर्णय असं कुणी म्हणत नाही. मुलगा जन्मभर तीच तीन नावं घेऊन जगतो. मुलीची दोन बदलतात, कधी तिन्ही. मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या डी.एड.च्या प्रमाणपत्रावर एक बाई होती आणि रेशनकार्डावर दुसरी. दोघी एकच आहेत हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नोंद आणि एका कार्यालयात चार खेपा लागल्या. चौथ्या खेपेला तिथला माणूस सहज बोलून गेला, "लग्न झालेल्या बायकांचं असंच असतं." त्याने मला दुखवायला म्हटलं नव्हतं. पण माझ्या नवऱ्याचंही त्याच वर्षी लग्न झालं होतं, आणि त्याला कुठेच खेप घालावी लागली नव्हती. तांदूळ गोळा करून डब्यात भरले जातात, कागद राहतो. कागदानेच मला पक्कं सांगितलं की तुझी ओळख दुसऱ्याच्या ओळखीला जोडलेली आहे.

मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवलं की शासकीय दस्तऐवजांवर आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव अशा क्रमाने नोंद करायची. माझ्यासारख्या शिक्षिकेला याचं मोल सांगायला नको. नवऱ्याने टाकलेल्या, नवरा परागंदा झालेल्या बायका प्रवेशअर्ज भरताना वडिलांच्या नावाच्या रकान्यापाशी कशा थबकतात हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे. मी या निर्णयाचं मनापासून स्वागत केलं. पण त्याच निर्णयात विवाहित स्त्रीच्या बाबतीत तिचं नाव, पतीचं नाव आणि आडनाव ही चालत आलेली पद्धत तशीच ठेवली आहे. म्हणजे मुलीच्या नावात आता आईचं नाव येणार आणि लग्न होऊन तिचं नाव चालू पद्धतीने बदललं की ते गळून जाणार. मुलाच्या नावात मात्र त्याची आई शेवटपर्यंत राहील. ज्या हाताने रकाना वाढवला त्याच हाताने तो मुलीपुरता तात्पुरता करून ठेवला. हे कुणी दुष्टपणे केलं असं मला वाटत नाही. लग्न झालं की बाईचं नाव बदलतंच, हे लिहिणाऱ्याच्या सवयीत इतकं बसलेलं आहे की तिथे प्रश्न आहे हे दिसलंच नसेल. म्हणून तर तो दाखवत राहायला हवा.

याच्या उलट अनुभव साताऱ्याचा. त्या भागात मुलीवर मुली झाल्या की शेवटचीचं नाव 'नकोशी' किंवा 'नकुशी' ठेवायचे, पुढचा तरी मुलगा व्हावा म्हणून. आपण नको होतो हे ती मुलगी रोज हजेरीला 'उपस्थित' म्हणताना ऐकायची. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्याच्या यंत्रणेने अशा मुली शोधून काढल्या, कार्यक्रम घेतला आणि २८५ मुलींना नव्या नावांची प्रमाणपत्रं दिली. अनेकींनी नावं स्वतः निवडली. ज्या आईबापांनी नकोशी नाव ठेवलं त्यांची मनं त्या एका दिवसात पालटली असतील असं मी म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी शाळेत गुरुजींनी दुसरं नाव पुकारलं. त्या मुलीपुरतं जग बदलायला तेवढं पुरेसं होतं, आणि ते बदलायला आईबापांचं मन बदलेपर्यंत थांबावं लागलं नाही.

शाळेबद्दल मी बोलायलाच हवं, कारण तिथे मी स्वतः दोषी आहे. वर्गात दंगा करणाऱ्या मुलाला मुलींच्या रांगेत बसवायचं, ही शिक्षा मी पहिली दहा वर्षं बिनदिक्कत वापरली. ती फार गुणकारी होती. मुलगा रडकुंडीला यायचा, बाकीची मुलं हसायची, दंगा थांबायचा. एक दिवस ज्या मुलीशेजारी मी त्याला बसवलं ती मधल्या सुट्टीत येऊन म्हणाली, "बाई, माझ्याजवळ बसणं म्हणजे शिक्षा असती का?" मला उत्तर देता आलं नाही. एकाच कृतीत मी त्या मुलाला शिकवत होते की मुलीसारखं होणं ही नामुष्की आहे, आणि त्या मुलीला शिकवत होते की ती स्वतःच ती नामुष्की आहे. मग लक्षात येत गेलं की अशा कितीतरी गोष्टी आम्ही करत होतो. हजेरीपटावर आधी सगळी मुलं, मग सगळ्या मुली. पाहुणे आले की टेबल-खुर्च्या उचलायला मुलं, ओवाळायला आणि रांगोळीला मुली. वर्ग झाडायला मुली, मैदान आखायला मुलं. यातलं एकही अभ्यासक्रमात नव्हतं, आणि मुलं हेच सगळ्यात पक्कं शिकत होती.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात घरातला पुरुष आणि बाई दोघं मिळून भाजी निवडत असल्याचं चित्र आलं, बाई डॉक्टर आणि बाई वाहतूक पोलीस आली. त्यावर थोडी चेष्टाही झाली, चित्राने काय होणार म्हणून. माझ्या वर्गात त्या चित्रावर पाऊण तास बोलणं झालं. एका मुलाने सांगितलं की त्याचे वडील भाजी निवडतात, पण दार लावून. हे वाक्य मी विसरू शकत नाही. त्या माणसाला भाजी निवडायला येत होती, आवडतही असेल. उघड्या दारात निवडायची मुभा त्याला नव्हती. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये लोक दिवसाचा वेळ कसा घालवतात याची देशभर पाहणी केली. घरातल्या बिनपगारी कामात बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या, पुरुष ९७. आणि पुरुषांची ही ९७ मिनिटंदेखील जे असं काम करतात त्यांचीच. ते करणारे पुरुष शंभरात २६ होते. पाच तास विरुद्ध दीड तास, आणि तोही चौघांत एकाचाच. यात किती पुरुष दार लावून बसलेले असतील ते कोणत्याच पाहणीत सापडणार नाही. पुरुषपणाचाही साचा आहे, आणि तो पुरुषांनाही जाचतो. फक्त त्या जाचाबरोबर जमीन, घर आणि मधलं नाव त्यांच्याकडे राहतं, एवढा फरक विसरून चालत नाही.

आता ऊसतोडीकडे येते, कारण माझा सगळा राग तिथे आहे.

आमचा भाग उसाचा. दिवाळीच्या सुमाराला बीड, जालना, अहिल्यानगर, धाराशिवकडून टोळ्या येतात, शिवारात कोप्या उभ्या राहतात. लहानपणापासून हे बघत आले, तरी 'कोयता' या शब्दाचा अर्थ मला फार उशिरा कळला. कारखान्याचा करार मुकादमाशी असतो आणि मुकादम मजुरांना उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी आला तर तो अर्धा कोयता. गडी ऊस तोडतो. बाई पाचट काढते, मोळ्या बांधते, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवते. त्याआधी पहाटे अंधारात उठून तिने भाकरी केलेल्या असतात, आणि रात्री परतल्यावर पाणी आणायचं असतं. या कामाला तिचा स्वतंत्र दर नाही. हिशेब कोयत्याचा, उचल नवऱ्याच्या हातात. मुकादमाच्या वहीत जोडी असते, पण नाव एकच असतं.

कामावर खाडा पडला तर पैसे कापले जातात, मग तो आजाराचा असो, पाळीचा असो की बाळंतपणाचा. त्यातून काय झालं ते २०१९ मध्ये राज्यासमोर आलं. ऊसतोड करणाऱ्या हजारो बायकांनी गर्भाची पिशवी काढून घेतली होती, त्यातल्या कितीतरी ऐन तरुण वयात. शासनाला त्यावर समिती नेमावी लागली. पाळी, गर्भाशय, आईपण, ज्या गोष्टींना आपण बाईपणाचा गाभा म्हणून गौरवतो, त्या इथल्या मजुरीच्या हिशेबात खाडा ठरल्या. बाईने शरीरातून त्या वजा करून टाकल्या आणि कामावर गेली.

लग्नाचंही तसंच. जोडी नसेल तर पूर्ण उचल नाही. मुलगी वयात आली की सहा महिने तिला गावात एकटी कुणाकडे ठेवायची हा प्रश्न, आणि मुलाकडच्यांना हंगामाआधी कोयता पुरा करायचा असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयोगटातल्या ज्या बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं त्यांचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के होतं, बीड जिल्ह्यात ४३.७ टक्के. या आकड्याला शहरातली माणसं मागास मानसिकता म्हणतात. आमच्या शाळेत हंगामापुरती बसायला येणाऱ्या मुलींच्या आयांशी मी बोलले आहे. पोरीने शिकावं असं न वाटणारी आई मला अजून भेटायची आहे. त्यांच्या मनात काय कमी आहे? जे आहे ते मुकादमाच्या वहीत आहे. मजुरी माणसाला न देता जोडीला द्यायची, असा नियम एका उद्योगाने चालवला, आणि बायको असणं ही कामावर असण्याची अट होऊन बसली. अशा वस्तीत वाढणारी मुलगी मी कोण याचं उत्तर 'अर्धा कोयता' असंच शिकते. तिला ते कुणी मुद्दाम शिकवत नाही.

इथे कुणी म्हणेल, बाईपण-पुरुषपण निसर्गाने दिलेलं असतं, संस्था फक्त त्याला वळण देतात. शरीर निसर्गाचं असतं, यावर माझा वाद नाही. पण बाईने कसं चालावं, लाजावं, सोसावं हा धडा निसर्गाचा असता तर एका पुरुषाकडून तो शिकायची वेळ आली नसती. मराठी संगीत रंगभूमीवर घरंदाज बायकांना उभं राहायला बंदी होती. तिथे नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व, स्त्रीभूमिका करत. १९१३ मध्ये त्यांची गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली, आणि त्यांचं नऊवारी नेसणं, त्यांची केशरचना, पदर सावरण्याची ढब घरोघरच्या बायका उचलू लागल्या. खरी स्त्री कशी दिसते, याचा वस्तुपाठ मराठी मध्यमवर्गाने एका पुरुषाकडून घेतला. मला यात काही लाजिरवाणं वाटत नाही, उलट फार बोलकं वाटतं. जे इतक्या सुंदर रीतीने शिकता आणि शिकवता येतं, ते जन्मजात कसं म्हणायचं? त्याच काळात तमाशाच्या फडावर बायका नाचत-गात होत्याच. पण त्या ठरावीक जातींतल्या होत्या, आणि त्यांच्या बाईपणाकडून कुणालाच आदर्श घ्यायचा नव्हता. एकीचं बाईपण झाकून ठेवायचं आणि दुसरीचं तिकीट लावून बघायचं, हे ठरवलं जातीने. बाई घडवणाऱ्या सगळ्या संस्थांमध्ये जात आतून चिकटलेली आहे, आणि ती वगळून लिंगभावावर केलेलं कोणतंही बोलणं अर्धंच राहतं.

पण संस्था सगळंच घडवतात, असंही मी म्हणणार नाही. माझ्या वर्गात एक मूल होतं. घराने त्याला मुलगा म्हणून वाढवलं, शाळेने मुलांच्या रांगेत बसवलं, दाखल्यावर तसंच लिहिलं, मारही मुलासारखाच दिला. ते मूल तरीही मुलगा झालं नाही. इतक्या संस्थांनी इतकी वर्षं एकच धडा गिरवून घेतला आणि तो त्याच्या आत उतरलाच नाही. आज ती व्यक्ती बाई म्हणून जगते आहे. तिच्याकडून मी हे शिकले की माणूस संस्थेच्या आधीचा असतो. संस्था साचा बनवते, आणि साच्यात न मावणाऱ्याचं काय करायचं तेही तीच ठरवते. आमच्या दक्षिण भागात पूर्वीपासून याला एक उत्तर होतं: सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेले जोगते. साडी, कपाळाला भंडारा, डोक्यावर देवीची मूर्ती बसवलेला जग. अंगात देवी आहे म्हणून लोक पाया पडतात. पण ती साडी अटीवर मिळते. जोगवा मागून जगायचं, संसार नाही, शेतीत वाटा नाही, दुसरा कामधंदा जवळपास नाहीच. देवळाने जागा दिली ती अशी. घर आणि शाळेने तर तेवढीही दिली नाही, हे विसरून देवळालाच नावं ठेवायला मी धजत नाही.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. तरी डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात स्त्री आणि पुरुष असे दोनच पर्याय होते, आणि तिसरा द्यावा म्हणून मुंबई उच्च न्यायालयाला शासनाला सांगावं लागलं. हक्क होता, चौकट नव्हती. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकची गोष्ट तर मी कितीतरी जणांना सांगितली आहे. तिथे एका पारलिंगी उमेदवाराने महिलांसाठी राखीव जागेवर ग्रामपंचायतीचा अर्ज भरला. तो बाद केला गेला. जानेवारी २०२१ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने तो ग्राह्य धरला, आणि गावाने तिला निवडून दिलं. ज्यांची मानसिकता बदलायची आपण वाट बघत होतो, ते मतदार तयारच होते. अडलं होतं ते अर्जाच्या टेबलावर.

माझ्या या म्हणण्याला सगळ्यात मोठा आक्षेप सरपंचपतींचा. वहीत बाईचं नाव घातलं, खुर्चीवर नवरा बसला, मग काय बदललं? आक्षेप खरा आहे. ७३व्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश आणि २०११ मध्ये महाराष्ट्राने निम्म्या जागा बायकांना दिल्या, आणि सह्या बायकोच्या, कारभार नवऱ्याचा हे आजही अनेक गावांत चालतं. पण पश्चिम बंगालच्या बीरभूम जिल्ह्यात झालेला एक अभ्यास मला इथे महत्त्वाचा वाटतो. २०१२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. अभ्यासकांमध्ये एस्थर डुफ्लो आणि रोहिणी पांडे या अर्थतज्ज्ञ होत्या. ज्या गावांत आरक्षणामुळे दोन वेळा बाई प्रधान, म्हणजे तिथली सरपंच, झाली, तिथे मुलाकडून आणि मुलीकडून आईबापांच्या असलेल्या अपेक्षांमधली दरी बरीच कमी झाली होती, मुलामुलींच्या स्वतःच्या मनातली त्याहून जास्त, आणि शिक्षणातलं अंतर मिटलं होतं. त्या गावांत मुलींसाठी वेगळ्या सोयी झाल्या होत्या असं नाही. खुर्चीवर बाई दिसत होती, एवढंच. पहिल्या वेळी नवराच बोलत असेल. दहा वर्षं तेच पाहणाऱ्या मुलीच्या डोळ्याला मात्र सवय झालेली असते. हा वेळ लागतो, आणि नियम आधी आला म्हणूनच तो मोजायला सुरुवात होते.

आमच्याच जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये, राजर्षी शाहूंच्या स्मृतिशताब्दीत, विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नवरा गेला की बाईचं कुंकू पुसायचं, बांगड्या फोडायच्या, मंगळसूत्र आणि जोडवी काढायची, हे यापुढे गावात होणार नाही. दोनच आठवड्यांत, १७ मे रोजी, राज्याच्या ग्रामविकास विभागाने सगळ्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. ताराबाई शिंदे यांनी बुलढाण्यात बसून १८८२ साली पुरुषांना जाब विचारला होता की नवरा मेल्यावर बायकोच्या जगण्यावर बोळा का फिरवता आणि बायको मेल्यावर तुम्ही दुसरी कशी आणता. त्या प्रश्नाला गावाच्या दप्तरात जागा मिळायला १४० वर्षं लागली. ठरावाला शिक्षेचं बळ नाही. हळदीकुंकवाला विधवेला अजूनही बहुतेक घरांतून बोलावणं जात नाही. हे सगळं खरं.

तरीही मी एका घरात काय पाहिलं ते सांगते. आमच्या शेजारच्या गल्लीत एक माणूस गेला. अंत्ययात्रा निघायच्या आधी बायका बांगड्या फोडायला पुढे झाल्या, तेव्हा मयताची थोरली बहीण मध्ये उभी राहिली आणि म्हणाली, "गावात ठराव झालाय. कुणी हात लावायचा नाही." ती स्वतः विधवा होती. सगळ्या मागे सरल्या. नंतर बोलता बोलता कळलं की त्यातल्या निम्म्यांच्या मनात ते करायचं नव्हतंच; करावं लागतं म्हणून त्या पुढे झाल्या होत्या. मनं कधीच बदललेली होती, एकट्याने ते म्हणायची सोय नव्हती. ठरावाने ती सोय दिली. वाईट रिवाज पाळणाऱ्या कितीतरी माणसांना तो पाळायचा नसतो. ती कुणाच्या तरी सहीच्या कागदाची वाट बघत असतात, म्हणजे "मी म्हणत नाही, नियम म्हणतो" असं सांगून सुटता येईल.

म्हणून मी मानसिकतेकडे काही मागत नाही. लग्नानंतरही मुलीच्या नावातलं आईचं नाव टिकावं, हे मी सरकारकडे मागते. हजेरीपटावर मुलामुलींची नावं एकत्र, अक्षरांच्या क्रमाने लावावीत, हे मी माझ्याच खात्याकडे मागते. आणि सगळ्यात आधी ऊसतोडीचं. ऊसतोड कामगारांसाठी आज महामंडळ आहे, ओळखपत्रं आहेत, म्हणजे मजूर कोण हे लिहिण्याची यंत्रणा तयार आहे. कोयता हे मोजमाप तिथेच मोडता येईल. दिवाळीच्या आधी उचली वाटल्या जातात. येत्या हंगामात मुकादमाच्या वहीत दर जोडीपुढे दोन नावं हवीत, दोन रकमा हव्यात, आणि तिची रक्कम तिच्या खात्यात.